उसळी मारणारं आंबट फळ

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या वाणसामानाच्या दुकानांत टपोऱ्या, लालभडक फळांच्या पिशव्यांचा ढीग लागतो. दीड-दोन महिने तो दिसतो आणि नाताळ सरला की नाहीसा होतो. मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांना ही फळं पहिल्यांदा दिसतात, तेव्हा हटकून करवंदांची आठवण होते. कौतुकानं एखादं तोंडात टाकावं, तर डोळे आपोआप मिटतात. चिंचेशी पैज लावील असा आंबटपणा आणि वर जिभेवर तुरटपणाचं पुट. हीच ती क्रॅनबेरी.

नुसतं खायचं हे फळ नव्हे. पण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तिच्या सॉसवाचून अमेरिकन पान पुरं होत नाही. आपल्या पानात डाव्या बाजूला लोणचं, चटणी, कोशिंबीर यांचं जे काम, तेच तिथं या सॉसचं. भाजलेली टर्की, बटाट्याचा लगदा, पावाचं सारण हे सगळं मऊ, तेलकट-तुपकट आणि रंगानं तपकिरी. त्या सगळ्यात हा एकच लाल, आंबटगोड गोळा जिभेला जाग आणतो. टर्कीला हात न लावणारी आपली शाकाहारी मंडळीही मित्रांच्या घरी या दिवशी जेवायला गेली की सॉस मात्र दोनदा मागून घेतात.

गंमत अशी की हा सॉस करायला लागतात तीन जिन्नस आणि पंधरा मिनिटं. साखरांब्याला लागते त्याच्या निम्मीही मेहनत नाही. तरीही अनेक घरांत तो आजही डब्यातून येतो. डबा दोन्ही बाजूंनी उघडायचा, हलवायचा, की सळसळत एक लांबट लाल गोळा ताटलीत उतरतो. त्याच्यावर डब्याच्या वळ्या जशाच्या तशा उमटलेल्या असतात. मग सुरीनं त्याच्या गोल चकत्या पाडायच्या. त्या वळ्यांसकट तो गोळा दिसल्याशिवाय सण आल्यासारखं न वाटणारी माणसं आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ताज्या फळाचा सॉस एकदा घरी केला, की डब्यातला सॉस नुसता गोड लागतो, हे कुणालाही कळतं.

आधी फळ निवडण्याविषयी. क्रॅनबेरी आडवी कापली तर आत चार पोकळ कप्पे दिसतात. त्या कप्प्यांत हवा असते, म्हणून चांगलं फळ पाण्यावर तरंगतं आणि टेबलावर टाकलं तर चेंडूसारखं उसळी मारतं. सडलेलं किंवा मऊ पडलेलं फळ जागच्या जागी बसतं. न्यू जर्सीत जॉन वेब नावाचा एक लाकडी पायाचा बागायतदार होऊन गेला. पायामुळे त्याला टोपली उचलून जिना उतरता येईना, म्हणून तो फळं जिन्यावरून खाली ओतून द्यायचा. चांगली फळं उड्या मारत तळाशी पोचायची, खराब फळं पायऱ्यांवर अडकून राहायची, अशी कथा सांगतात. कथा कितपत खरी कोण जाणे. पण पुढे याच तत्त्वावर फळं निवडायची यंत्रं झाली. फळ्यांच्या उतरंडीवर प्रत्येक फळाला उसळी मारायची संधी मिळते आणि जे उडत नाही ते बाद होतं. घरी एवढं करायची गरज नाही. पिशवी परातीत ओतावी, तांदूळ निवडतो तशी नजर फिरवावी, मऊ पडलेली आणि सुरकुतलेली फळं काढावीत, चुकून राहिलेले देठ खुडावेत आणि मग धुवावं. फळाला कुठेकुठे पांढरट छटा असली तर ते टाकू नये. रंग कमी चढलेला असतो इतकंच.

आता कृती. बाजारातली पिशवी १२ औंसांची, म्हणजे साधारण ३४० ग्रॅमची असते. तिला अमेरिकन मापाचा एक कप पाणी आणि एक कप साखर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर आणि २०० ग्रॅम, असं प्रमाण सर्वत्र दिलेलं असतं. मला विचाराल तर साखर १५० ग्रॅमवर आणावी. सॉस किंचित सैल होतो, पण फळाची चव फळाचीच राहते. पातेलं स्टेनलेस स्टीलचं आणि खोलगट घ्यावं. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं तांब्या-पितळेचं भांडं घेऊ नये. अशा भांड्यात आंबट आमटी कशी कळकते हे आपल्याला सांगायला नको, आणि क्रॅनबेरी चिंचेच्या आमटीहून कितीतरी आंबट असते.

पाणी आणि साखर एकत्र करून उकळी आणावी. पाकाची तार वगैरे बघत बसायचं नाही, साखर विरघळली की पुरे. चिमूटभर मीठ घालावं आणि सगळी फळं एकदम टाकावीत. पुन्हा उकळी आली की आच मध्यम करावी. दोन-तीन मिनिटांत पातेल्यातून टपटप आवाज यायला लागतो. फोडणीत मोहरी तडतडते तसाच हा आवाज, फक्त जरा बोजड. त्या चार कप्प्यांतली हवा आणि वाफ तापून फुगते आणि सालं फाडून बाहेर पडते. लहान मुलांना हा आवाज ऐकायला जवळ यायचं असतं. त्यांना चार हात लांब ठेवावं, कारण लाल शिंतोडे उडतात आणि ते चटकेही देतात, कपड्यांवर डागही पाडतात. एकूण आठ ते दहा मिनिटांत बहुतेक फळं फुटतात. काही अख्खी राहिली तर राहू द्यावीत, खाताना दाताखाली छान लागतात. वर आलेला फेस पळीनं काढून टाकावा आणि आच बंद करावी.

यावेळी सॉस पातळ दिसतो आणि नवशिक्याची हमखास इथं फसगत होते. अजून आळला नाही म्हणून तो पातेलं पुन्हा पाच-दहा मिनिटं चढवतो. तसं करू नये. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असतं. पेरू-आवळ्याची जेली ज्याच्यामुळे धरते तेच हे. फळ फुटलं की पेक्टिन पाण्यात उतरतं. फळातल्या आम्लामुळे त्याचे धागे एकमेकांना दूर ढकलायचे थांबतात, साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, आणि मग ते धागे एकमेकांत अडकून जाळं विणतात. हे विणकाम होतं ते पातेलं थंड होत असताना. कढत असेपर्यंत सॉस पातळच राहणार. तासाभरात तो कोमट होतो आणि डावाला चिकटायला लागतो. शीतकपाटात रात्रभर ठेवला की वडी पाडता येईल इतका घट्ट बसतो. उलट फार वेळ उकळलं तर तेच पेक्टिन तुटतं, सॉस चिकट होतो आणि बियांचा, सालांचा कडवटपणा वर येतो. पुरता गार झाल्यावरही वाहता राहिला तरच पुन्हा दोन-चार मिनिटं उकळावा. फार घट्ट झाला तर चमचाभर गरम पाणी घालून ढवळलं की भागतं.

डब्यातल्यासारखा एकसारखा, गुळगुळीत सॉस हवा असेल तर गरम असतानाच तो पुरणयंत्रातून काढावा. अमेरिकेत गेलेल्या कितीतरी बायकांच्या सामानात पुरणयंत्र असतंच. या कामाला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. सालं आणि बिया वर राहतात, खाली लखलखीत लाल रस उतरतो, तो वाडग्यात ओतून थंड केला की उलटा करून ताटलीत काढता येतो. पाण्याऐवजी अर्धा भाग संत्र्याचा रस आणि वरून किसलेली संत्र्याची साल घालण्याची पद्धत तिकडे जुनी आहे आणि ती खरोखर चांगली आहे. दालचिनीचा तुकडाही खपतो. लवंग एखादीच घालावी, नाहीतर दातदुखीच्या औषधाचा वास येतो. त्या पलीकडे सुकामेवा, मद्य, मिरे असं काय काय घालणारे हौशी लोक आहेत. घालोत बापडे.

साखरेवर मी एवढा भर देते आहे, कारण या सॉसचा सगळा इतिहास म्हणजे साखरेचा इतिहास आहे. क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेची मूळची वनस्पती. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचे वाम्पानोआग लोक आणि त्यांचे शेजारी ही फळं युरोपीय गलबतं येण्याच्या कितीतरी आधीपासून वेचत होते. ती वाळवलेल्या मांसात आणि चरबीत कुटून टिकाऊ शिदोरी करायची, रंगाला वापरायची, जखमेवर बांधायची अशी रीत होती. मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरचे ॲक्विना वाम्पानोआग आजही ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार क्रॅनबेरीचा दिवस म्हणून पाळतात. इंग्रज वसाहतवाल्यांनी आणि वाम्पानोआग लोकांनी १६२१ साली प्लिमथला मिळून केलेल्या तीन दिवसांच्या जेवणावळीला आज पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात. तिथल्या एकानं लिहिलेल्या पत्रात पाखरांच्या शिकारीचा आणि हरणांचा उल्लेख आहे, क्रॅनबेरीचा नाही. सॉस तर शक्यच नव्हता, इतकी साखर त्यांच्याजवळ होती कुठं? पन्नासेक वर्षांनी, १६७२ साली, जॉन जॉसेलिन या इंग्रज प्रवाशानं ही फळं साखर घालून शिजवतात आणि मांसाबरोबर खातात, असं नोंदवलं. अमीलिया सिमन्स हिच्या १७९६च्या पाकपुस्तकात टर्कीबरोबर क्रॅनबेरी सॉस वाढावा असं स्पष्ट आहे. म्हणजे शाळेतल्या चित्रांत पहिल्या पंगतीत जो लाल वाडगा दाखवतात, तो नंतर आणून ठेवलेला आहे. त्या चित्रात आणखीही पुष्कळ काही झाकलेलं आहे. म्हणूनच १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला प्लिमथमध्ये मूळ रहिवासी एकत्र येतात ते शोक पाळण्यासाठी. ज्यांच्या भूमीतलं हे फळ, त्यांच्यातल्या अनेकांना हा सण आनंदाचा वाटत नाही, हे सॉस ढवळताना माहीत असलेलं बरं.

क्रॅनबेरीची लागवड सुरू झाली ती एका निरीक्षणातून. केप कॉड भागातल्या डेनिस गावच्या हेन्री हॉलनं १८१६च्या सुमारास पाहिलं, की वाऱ्यानं उडालेली रेती ज्या वेलींवर बसते त्या वेली मरायच्या ऐवजी जास्त जोमानं वाढतात. तेव्हापासून रेती पसरणं हे या शेतीचं मुख्य काम झालं. थंडीत पाणी भरलेल्या वाफ्यांवर बर्फ जाड धरला की त्याच्यावर रेतीचा थर टाकून ठेवतात. वसंतात बर्फ वितळला की रेती आपसूक खाली वेलींवर बसते. निसर्गाकडून असं काम करून घेणारा शेतकरी कुठलाही असो, तो आपलाच वाटतो. नीट राखल्या तर या वेली शंभर वर्षांवर फळतात. क्रॅनबेरी पाण्यात पिकते ही मात्र गैरसमजूत आहे. छायाचित्रांत लाल फळांचं तळं दिसतं ते काढणीचं. वाफ्यात पाणी सोडतात, यंत्रानं फळं वेलीपासून सुटी करतात आणि तरंगणारी फळं एका बाजूला ओढून घेतात. ही फळं रस, सॉस आणि वाळवणासाठी जातात. पिशवीतून ताजी विकायची फळं कोरड्या वाफ्यात विंचरून काढतात, आणि त्यांचं प्रमाण एकूण पिकात अगदी थोडं, शंभरात पाचाच्या आसपास आहे.

यंत्रं यायच्या आधी ही काढणी गुडघ्यांवर रांगत, हातानं किंवा लाकडी दातेरी सुपांनी चाले. केप कॉडकडे हे काम पुष्कळसं आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या केप व्हर्दे बेटांवरून आलेल्या मजुरांनी केलं. लुईस हाइन या छायाचित्रकारानं १९१० आणि १९११ साली न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सच्या या मळ्यांत काढलेली छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. त्यात आपल्या नातवंडांच्या वयाची मुलं फळांच्या पेट्या उचलताना दिसतात.

डब्याची गोष्ट इथून पुढची. मार्कस युरॅन या वकिली सोडून बागायतीत आलेल्या माणसानं १९१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या हॅन्सन इथं क्रॅनबेरी डबाबंद करायला सुरुवात केली. न्यू जर्सीत एलिझाबेथ ली यांनी १९१७ साली डागी फळं फेकून देण्याऐवजी शिजवून पाहिली आणि त्या सॉसचा धंदा उभा केला. १९३० साली हे दोघं आणि जॉन मेकपीस हा तिसरा बागायतदार एकत्र आले आणि बागायतदारांचा सहकारी संघ निघाला, तोच आजचा ओशन स्प्रे. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या वाचकांना हा मार्ग ओळखीचा वाटेल. तो वळ्यांचा लाल गोळा १९४१च्या सुमारास देशभर पोचला. थोडक्यात, डबा जन्मला तो गृहिणीचे कष्ट वाचवायला नव्हे, तर दोन महिन्यांचं पीक बारा महिने विकायला आणि ताजं म्हणून जे खपत नव्हतं ते वाचवायला. त्यात वाईट काही नाही. फक्त घरच्या सॉसपेक्षा तो सोपा, हा समज तेवढा खरा नाही.

एका सणावर सगळं पीक टांगलेलं असलं की काय होतं, ते १९५९ साली दिसलं. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला, सणाला सतरा दिवस उरले असताना, अमेरिकेचे आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी जाहीर केलं, की वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांतल्या काही क्रॅनबेरींत ॲमिनोट्रायझोल या तणनाशकाचा अंश सापडला आहे आणि त्यानं उंदरांमध्ये थायरॉइडचा कर्करोग होतो. हे औषध फक्त काढणीनंतर वापरायला परवानगी होती. काहींनी ते आधीच मारलं होतं. मग गृहिणीनं काय करावं, असं विचारल्यावर उत्तर आलं, की फळ कुठलं आहे ते कळत नसेल तर घेऊ नये. आता पिशवी कुठून आली हे कोण सांगणार? दुकानांनी माल उतरवला, काही शहरांनी विक्री थांबवली. मॅसॅच्युसेट्स आणि विस्कॉन्सिनमधले शेतकरी, ज्यांच्या मालाबद्दल ही घोषणा नव्हती, तेही त्यात भरडले गेले. व्हाइट हाउसमध्ये त्या वर्षी सफरचंदाचा सॉस वाढला गेला. पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून विस्कॉन्सिनमध्ये आलेल्या निक्सन यांनी लोकांसमोर चार वेळा सॉस घेऊन खाल्ला आणि केनेडींनी दोन पेले रस प्याला, अशी तेव्हाची बातमी आहे. सरकारनं शेतकऱ्यांना नंतर भरपाई दिली. पण एका गुरुवारवर विसंबून राहायचं नाही हा धडा बागायतदारांनी घेतला आणि साठच्या दशकात रसाच्या बाटल्यांचा जोरदार प्रसार झाला. पुढे रस काढून उरलेल्या सालींत साखरेचा पाक मुरवून सुकवलेल्या क्रॅनबेरी निघाल्या. आज आपल्याकडच्या सुक्यामेव्याच्या दुकानांत मिळते ती हीच.

मात्र ती घेताना वेष्टन वाचावं. आपल्याकडे साखरेत मुरवलेली, रंगवलेली करवंदं क्रॅनबेरीच्या नावावर विकली जातात. केकवरच्या लाल ‘चेऱ्या’ही पुष्कळदा करवंदंच असतात. करवंदाची आणि क्रॅनबेरीची नात्यागोत्याची ओळख नाही. क्रॅनबेरी नाजूक, जमिनीलगत पसरणारी वेल, ब्लूबेरीची बहीण. करवंदी म्हणजे सह्याद्रीची चिकाळ, काटेरी जाळी, कण्हेरीच्या कुळातली. डोंगराची काळी मैना स्वतःच्या नावावर विकायला कुणाला लाज का वाटावी कळत नाही. २०२३ साली भारतानं अमेरिकन क्रॅनबेरीवरचं आयातशुल्क कमी करायचं मान्य केलं. तरी ताजी क्रॅनबेरी आपल्या मंडईत सहज दिसत नाही, म्हणून इथल्या वाचकांनी हाच सॉस कच्च्या करवंदांचा करायला हरकत नाही. फक्त चीक जाईपर्यंत ती पाण्यात ठेवून धुवावीत, अर्धी चिरून बिया काढाव्यात आणि शिजायला थोडा जास्त वेळ द्यावा.

तिकडच्या मराठी घरांत मात्र क्रॅनबेरीला आता अगदी आपलं रूप आलं आहे, ते मेथांब्याचं. कैरी तिथं क्वचित मिळते आणि मिळाली तर महाग असते. ही फळं त्या मानानं स्वस्त. दोन टेबलचमचे तेलात मोहरी, हिंग आणि अर्धा चहाचा चमचा मेथ्या तांबूस होईपर्यंत परताव्यात, हळद घालावी, पिशवीभर फळं आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावं. फळं फुटायला लागली की मीठ, तिखट आणि २०० ग्रॅमच्या आसपास चिरलेला गूळ घालावा. गूळ विरघळून दोन उकळ्या आल्या की लगेच उतरवावा. कैरीच्या मेथांब्यापेक्षा हा गार झाल्यावर फार घट्ट होतो, म्हणून पातळ असतानाच आच बंद करायची. पोळीशी उत्तम लागतो, थालीपिठाशी त्याहून उत्तम. टर्कीशेजारीही तो शोभतो, असं तिथली मुलंच सांगतात.

तब्येतीच्या दृष्टीनं या फळाचा बराच गवगवा झालेला आहे. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना क्रॅनबेरीचे पदार्थ घेतल्यानं तो पुन्हा होण्याचा धोका कमी होऊ शकतो, असा निष्कर्ष २०२३ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून निघाला. झालेला संसर्ग मात्र त्यानं बरा होत नाही, त्याला डॉक्टरच हवा. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी रोज भरपूर क्रॅनबेरी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि वाटीभर साखरेचा सॉस हे औषध कधीच नव्हतं.

केलेला सॉस काचेच्या बरणीत, शीतकपाटात आठवडा-दहा दिवस सहज राहतो. सणाच्या दोन दिवस आधीच करून ठेवावा, मुरल्यावर तो जास्त चांगला लागतो आणि त्या दिवशी शेगडी मोकळी राहते. नाताळानंतर ताजी फळं दिसेनाशी होतात, तेव्हा त्याआधी दोन-चार पिशव्या जास्त आणून, न धुता, तशाच बर्फकप्प्यात टाकाव्यात. वर्षभर टिकतात. करायच्या वेळी वितळवत बसू नये, गोठलेलीच धुऊन उकळत्या पाकात टाकावीत. फक्त टपटप आवाज दोन मिनिटं उशिरा सुरू होतो.